एमजीबीचा कॅमशाफ्ट मागवण्याआधी: तयारीची यादी

कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, सगळ्यात शेवटी मागवायचा. यादी उलटी वाटेल, पण एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या इंजिनाला हात घालणारे बरेच जण पहिल्याच रात्री कॅमशाफ्टची ऑर्डर देऊन मोकळे होतात आणि मग वर्षभर बाकीचं सामान गोळा करत फिरतात. मीही तेच केलं. आपल्याकडे ‘यादी पे शादी’ उरकतात तशी घाई. गाडी १९६९ ची, म्हणून टॅपेट आणि पुशरॉड (कॅमशाफ्टची ढकल व्हॉल्व्हकडे नेणारे भाग) १९६९ च्या इंजिनाचे मागवले. साइड कव्हर उघडली तेव्हा कळलं, आधीच्या कुण्या मालकाने तिच्यात सत्तरच्या दशकातलं इंजिन बसवलं होतं. चूक ना दुकानदाराची, ना पोस्टाची.

म्हणून पहिलं काम चिंधी आणि रॉकेल घेऊन करायचं. ब्लॉकच्या उजव्या बाजूला इंजिन नंबरची छोटी पट्टी असते, ती घासून वाचा. १८जी आणि १८जीए म्हणजे तीन मेन बेअरिंगचं सुरुवातीचं इंजिन. १९६४ च्या अखेरीस आलेल्या १८जीबीपासून पुढे पाच बेअरिंगचं. तीन बेअरिंगवाल्या इंजिनात रेव्ह काउंटरची (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याची) केबल कॅमशाफ्टच्या मागच्या टोकावरून फिरते, त्यामुळे त्याचा कॅमशाफ्टही तसाच गिअर असलेला लागतो. पुढे रेव्ह काउंटर विजेवर गेला आणि तो गिअर गेला. १९७१-७२ पासूनच्या १८व्ही इंजिनांत टॅपेट आखूड झाले आणि पुशरॉड लांब. जुना टॅपेट आणि नवा पुशरॉड अशी सरमिसळ चालत नाही. पट्टीच नसेल, किंवा कारखान्यातून दुरुस्त होऊन आलेलं ‘गोल्ड सील’ इंजिन असेल, तर अंदाज बांधू नका. साइड कव्हर काढा, एक टॅपेट आणि एक पुशरॉड बाहेर घ्या, व्हर्नियरने लांबी मोजा आणि फोटो काढून ठेवा. पुढे कुणाशीही बोलताना या दोन आकड्यांचा उपयोग गाडीच्या वर्षापेक्षा जास्त होतो.

दुसरं काम आहे तो कॅमशाफ्ट मोजण्याचं. व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या टोपीवर डायल गेज टेकवा, इंजिन हाताने फिरवा आणि आठही व्हॉल्व्ह किती उघडतात ते वहीत लिहा. मूळ कॅमशाफ्टवर ही उघडझाप साधारण ९.२५ मिमी असते. त्यातून टॅपेटची मोकळीक, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये मुद्दाम ठेवलेली फट, वजा जाईल. सात व्हॉल्व्ह सारखे आणि एक मिलिमीटरभर कमी, असं दिसलं तर एक लोब, म्हणजे कॅमशाफ्टवरचा उंचवटा, झिजलाय. अशा गाडीचा मालक ‘इंजिनात दम नाही, फास्ट कॅम टाकतो’ म्हणतो; त्याला कोरा स्टँडर्ड कॅमशाफ्ट घातला तरी गाडी नवी वाटेल. त्याच दिवशी कॉम्प्रेशन आणि इंजिन गरम असतानाचं ऑइल प्रेशरही नोंदवा. रिंगा गेलेल्या इंजिनात महागडा कॅमशाफ्ट घालणं म्हणजे गळक्या घागरीला चांदीचं झाकण.

आता गाडी कशासाठी, ते ठरवायचं आणि इथे स्वतःशी खरं बोलायचं. मूळ कॅमशाफ्टचा इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर पोचण्याआधी १६ अंशांवर उघडतो आणि पिस्टन तळाला गेल्यानंतर ५६ अंशांनी मिटतो. एकूण २५२ अंश. रस्त्यावरच्या ‘फास्ट रोड’ कॅमची मुदत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचे अंश, २७० च्या आसपास असते आणि २८५ च्या पुढे गेलात की रेसिंगचा प्रांत सुरू होतो. तिथे आयडल मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वर धडधडतं आणि तीन हजारांच्या खाली गाडी रुसल्यासारखी चालते. १७९८ सीसीच्या या इंजिनाची खरी मजा खालच्या ओढीत आहे. स्ट्रोक ८८.९ मिमी, बोअर ८०.२६. असं लांब स्ट्रोकचं इंजिन सात हजारांपर्यंत फिरवायला जन्मलेलं नाही. कंपनीने सांगितलेली ९५ अश्वशक्तीसुद्धा ५४०० फेऱ्यांवरच होती.

मोठा कॅम इथे एका खास कारणाने त्रास देतो, आणि ते सहसा कुणी नीट समजावत नाही. बी-सिरीजच्या, म्हणजे एमजीबीचं इंजिन ज्या घराण्यातलं त्याच्या, हेडमध्ये चार सिलिंडरना इनटेकची भोकं दोनच: एक आणि दोन नंबरमध्ये एक, तीन आणि चारमध्ये एक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे दोन नंबरचं शोषण संपत असतानाच एक नंबर त्याच भोकातून ओढायला लागतो. मग दोघंही बराच वेळ गप्प. तीन-चारचंही तसंच. मूळ कॅमशाफ्टवरदेखील शेजारच्या दोघांचे इनटेक व्हॉल्व्ह ७२ अंश एकाच वेळी उघडे असतात. एकाच नळावर दोन बिऱ्हाडं असावीत तसा प्रकार. कॅमची मुदत वाढवाल तशी ही ओढाताण वाढते आणि कमी वेगावर मिश्रण बिघडतं. म्हणून आपल्या वापराला लागेल असं वाटतं त्याच्या एक पायरी खालचा कॅम घ्यावा, हे माझं मत. आतापर्यंत त्याचा पस्तावा झालेला माणूस मला भेटलेला नाही.

सामान कुठून आणायचं? गंमत अशी की इंग्लंडच्या केंट परगण्यात कॅमशाफ्टवाल्यांचा जणू बाजारच आहे. केंट कॅम्स फोकस्टनला, पायपर ॲशफर्डला, न्यूमन ऑर्पिंग्टनजवळ. मॉससारख्या एमजीच्या सुट्या भागांच्या दुकानांतही कॅमशाफ्ट मिळतो, पण शक्य असेल तर थेट ग्राइंड करणाऱ्याला फोन करा. इंजिनाचा नंबर, कार्ब्युरेटर कुठले, हेड स्टँडर्ड की पोर्ट केलेलं, कॉम्प्रेशन रेशो, डिफरन्शियल किती आणि गाडी फिरते कुठे, हे सगळं एका कागदावर लिहून मगच फोन उचला. पलीकडचा माणूस यातलं काहीच न विचारता किंमत सांगत असेल तर आभार मानून ठेवून द्या. त्याला उलट विचारायचे प्रश्न तीन. कॅमशाफ्ट कोऱ्या ब्लँकवर घासलेला आहे की जुन्याचा रिग्राइंड, म्हणजे पुन्हा घासलेला? रिग्राइंडमध्ये लोबचा पायाच लहान होतो, म्हणजे टॅपेट खाली बसतो आणि पुशरॉडची लांबी पुन्हा तपासावी लागते. धातू चिल्ड कास्ट आयर्न की स्टील? स्टीलच्या कॅमवर कुठलाही टॅपेट चालत नाही, आणि डिस्ट्रिब्युटरचा गिअरही त्याच कॅमशाफ्टवरून फिरतो, म्हणून त्याची जोडीही विचारा. तिसरा प्रश्न, सोबत कॅम कार्ड येतं का? त्यावर फुल लिफ्टचा अंश आणि टॅपेटची मोकळीक लिहिलेली असते. कार्ड नसेल तर घेऊ नका.

मी मूळचा सोलापूरचा, त्यामुळे गावी गेलो की हमखास प्रश्न येतो: ‘अरे, कॅमशाफ्ट तर आपल्याकडेच बनतात की!’ खरं आहे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सोलापुरातलीच, आणि तिथला माल परदेशी मोटार कंपन्यांना जातो. पण तो कारभार घाऊक. साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनासाठी एक नग कुणी ओतून देणार नाही. दुसरा प्रश्न ॲम्बॅसिडरचा. तिचं १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन बी-सिरीज घराण्यातलंच, एमजीबीच्या आधीच्या एमजीए गाडीच्या पहिल्या इंजिनाएवढंच, आणि स्ट्रोकही तोच ८८.९. नातं सख्खं आहे, पण म्हणून जुन्या बाजारातला ॲम्बॅसिडरचा भाग एमजीबीत डोळे मिटून बसवू नका. आधी दोन्ही शेजारी ठेवून मोजा.

टॅपेटवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण कॅमशाफ्ट मरतो तो बहुधा त्यांच्यामुळे. नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: नवा कॅमशाफ्ट, नवे आठ टॅपेट. जुना टॅपेट ज्या लोबशी घासून बसला, संसार त्याचाच. आणि टॅपेट शक्यतो कॅमवाल्याकडूनच घ्या, म्हणजे काही बिघडलं तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार नाहीत. स्वस्त टॅपेट कच्चे निघतात. माझ्या ओळखीच्या एकाचे तीनशे मैलांत खळगे पडून गेले आणि सोबत लोबही गोल झाले. पेटी आली की दोन टॅपेट तोंडाला तोंड लावून धरा. किंचित डुलले पाहिजेत, कारण टॅपेटचं तोंड सपाट नसून अगदी थोडं फुगीर असतं आणि लोबला बारीकसा उतार असतो. त्या दोन्हींमुळे टॅपेट फिरत राहतो आणि झीज एका जागी होत नाही. मग प्रत्येक टॅपेट ब्लॉकमधल्या आपापल्या भोकात टाकून बघा. स्वतःच्या वजनाने खाली गेला पाहिजे आणि बोटाने फिरला पाहिजे.

हेडचं सामान मोजूनच मागवा. स्प्रिंग कॅमवाल्याने सुचवलेल्याच घ्या, पण त्या तुमच्या हेडवर किती उंचीला बसतात ते तुम्हीच मोजायचं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत; किमान दीड मिमी हवा राहू द्या. तेवढंच अंतर स्प्रिंगची टोपी आणि गाइडचं टोक यांच्यात. रोलर रॉकर (रॉकर म्हणजे पुशरॉडची ढकल व्हॉल्व्हवर पोचवणारा तरफेसारखा भाग) घ्यायचे असतील तर आधी हिशेब करा. मूळ रॉकरचं गुणोत्तर १.४२ धरलं तर लोबची ६.५ मिमी उंची व्हॉल्व्हवर ९.२५ होते, १.५५ चे रॉकर घातले की तीच १० च्या वर जाते. म्हणजे कॅम न बदलताच कॅम वाढला, आणि स्प्रिंगचा सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीला चांगला नवा रॉकर शाफ्ट आणि बुश बदललेले मूळ रॉकर पुरतात. जुना शाफ्ट काढून खालच्या बाजूने नख फिरवा, पायऱ्या हाताला लागतात. हेड उतरलंच आहे तर एक्झॉस्टच्या सीट (व्हॉल्व्ह मिटतो ती कडा) अनलेडेड पेट्रोलला चालणाऱ्या बसवून घ्या. ब्रिटनमध्ये शिसं असलेल्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९ अखेर थांबली, आणि मऊ सीट हळूहळू आत जातात. हेड घासून पातळ केलं असेल तर पिस्टनवर आणि बोअरच्या कडेवर प्लॅस्टिसीन लावून इंजिन दोन फेऱ्या हाताने फिरवा आणि उमटलेला ठसा मोजा. इनटेकला दीड, एक्झॉस्टला दोन मिमी तरी हवेत.

टायमिंगचा संच, म्हणजे चेन, दोन्ही स्प्रॉकेट, टेन्शनर आणि पुढचं ऑइल सील, एकदमच घ्या. एकेरी चेन असेल तर दुहेरी करून घ्या, पण दुहेरी स्प्रॉकेटला पुढच्या प्लेटच्या बोल्टची डोकी अडतात का ते आधी पाहा. कॅमशाफ्टची बेअरिंग ब्लॉकमध्ये असतात. ती बदलली तर एका रेषेत रीम करावी लागतात. ते घरचं काम नव्हे, मशीन शॉपची तारीख आधीच घ्या. कॅमशाफ्टचा पुढे-मागे प्ले ३ ते ७ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). फॅक्टरी मॅन्युअलप्रमाणे कॅमशाफ्ट काढायला सम्प (खालचं ऑइलचं भांडं) आणि ऑइल पंपाचा शाफ्टही उतरवावा लागतो, म्हणून मी तरी इंजिन बाहेर काढूनच हे करतो. पाठीचीही काळजी असते.

उसनं मिळालं तर विकत घेऊ नये असं सामान: डायल गेज, चुंबकी स्टँड, ३६० अंशांची तबकडी. स्प्रॉकेटवरचे ठिपके जुळवून भागत नाही, कारण नवा कॅम काही अंश इकडेतिकडे असू शकतो. पिस्टन स्टॉप लावून खरा वरचा बिंदू शोधा. एक नंबरच्या इनटेकची उघडझाप शिखराच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर वाचा आणि त्या दोन अंशांची सरासरी कार्डवरच्या आकड्याशी ताडून पाहा. चुकत असेल तर ऑफसेट की, म्हणजे कॅमशाफ्ट काही अंश सरकवणारी चावी, आणावी लागेल. दोन-तीन मापांच्या आधीच आणून ठेवल्या तर रविवार वाया जात नाही.

ऑइल मात्र इंजिन सुरू करण्याच्या दिवसासाठी वेगळं आणा. टॅपेटला जपतं ते झेडडीडीपी हे जस्त-फॉस्फरसचं द्रव्य. २००४ च्या एपीआय एसएम या ऑइलच्या दर्जापासून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. जाड २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही, तरी जुन्या इंजिनांसाठीचं, झिंक लिहिलेलं ऑइल घ्या. कॅमसोबत येणारी काळी पेस्ट लोबला आणि टॅपेटच्या तोंडाला चोपडा. प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवा, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. इग्निशनचं टायमिंग, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल, रेडिएटरमधलं पाणी आधीच नीट पाहा, कारण इंजिन पेटलं की लगेच २००० ते २५०० फेऱ्यांवर न्यायचं आणि वीस मिनिटं खाली येऊ द्यायचं नाही. आयडलवर टॅपेटला शिंपडून मिळणारं ऑइल फार थोडं असतं. आमच्याकडे ही वीस मिनिटं घरातला एक जण पाण्याचा पाइप घेऊन उभा असतो आणि शेजारी खिडक्या लावून घेतात.

मग ऑइल आणि फिल्टर बदला, थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा सेट करा. बी-सिरीजला त्यासाठी सोपी बेरीज आहे: उघडा असलेला व्हॉल्व्ह आणि सेट करायचा व्हॉल्व्ह यांचे नंबर मिळून नऊ झाले पाहिजेत. आठ उघडा तर एक सेट, सात उघडा तर दोन. मोकळीक मात्र जुन्या पुस्तकातली १५ थाऊ न धरता कार्डवरची धरा. रोलिंग रोडवाल्याची (गाडी रोलरवर चालवून ट्यून करणाऱ्याची) वेळ त्यानंतर पंधरा दिवसांची घ्या. एसयू कार्ब्युरेटरच्या सुया आणि डिस्ट्रिब्युटरचा अ‍ॅडव्हान्स तो बघेल.