उसाच्या फडात बिबट्याचे बछडे सापडल्यास

गोदाकाठी आणि दारणाकाठी ऊसतोड सुरू झाली की पाचटात बिबट्याचे बछडे आढळल्याच्या बातम्या नाशिक जिल्ह्यातून येऊ लागतात. दाट आडोसा, बारमाही पाणी आणि वस्तीभोवतीची कुत्री-डुकरे यांमुळे मादी उसातच विते. म्हणजे हे बछडे जंगलातून वाट चुकून आलेले नसतात, तो फड हेच त्यांचे घर असते.

बछडे दिसताच कोयते थांबवून मुकादमाने टोळीला फडाबाहेर काढावे आणि लहान मुलांना आधी कोप्यांवर (टोळीच्या झोपड्यांवर) पाठवावे, कारण मादी बहुधा जवळच्याच उभ्या उसात दडलेली असते. बाहेर पडता पडता त्या सरीतल्या उसाला रंगीत फडके बांधून ठेवावे. बछडे आईला परत मिळावेत म्हणून संध्याकाळी नेमकी तीच जागा लागते, आणि तोडलेल्या फडात सगळ्या सऱ्या सारख्याच दिसतात. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिल्लांना उचलू नये, फोटोसाठी मांडीवर घेऊ नये आणि कळवळ्यापोटीही गाईचे दूध पाजू नये. अनेकदा ही पिल्ले रानमांजराची किंवा वाघाटी या छोट्या जंगली मांजरीची निघतात. ओळख पटवण्याचे काम वनकर्मचाऱ्यांवर सोडावे, काळजी मात्र तितकीच घ्यावी.

पशुवैद्यकाने तपासणी केल्यावर अंधार पडण्यापूर्वी वनकर्मचारी बछडे खुणेच्या जागी आणतात. आपल्याकडे टोमॅटो-द्राक्षांसाठी वापरतात तेच प्लॅस्टिकचे कॅरेट येथे उपयोगी पडते: तळाशी पाचट, त्यावर बछडे, आणि मादीला पंजाने सहज बाजूला सारता येईल असे हलके झाकण. समोर कॅमेरा लावून सर्वांनी दूर जावे. बॅटरीचे झोत, गाड्यांचे आवाज आणि बांधावरची गर्दी यांपैकी काहीही असले तरी मादी पुढे येत नाही. ती आली की एकेका बछड्याला मानेशी तोंडात धरून नेते आणि उरलेल्यासाठी परत येते. पहिल्या रात्री आली नाही, तर पुढच्या रात्रीही प्रयत्न करावा.

“पिल्ले दूर जंगलात सोडा” ही गावातली मागणी भीतीपोटी येते आणि ती भीती खरीच आहे. परंतु आईविना सोडलेले बछडे जगत नाहीत. मोठे बिबटे दूर नेऊन सोडल्याने काय घडते, ते जुन्नर परिसरात दिसले आहे. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार तेथे १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते बिबटे असे मोठ्या प्रमाणावर हलवल्यानंतर १७ वर गेले.

सकाळी कॅरेट रिकामे दिसले तरी लगेच कोयता चालवू नये. कॅमेऱ्यातील छायाचित्रांत सर्व बछडे गेल्याची वनरक्षकाने खात्री केल्यावरच, बिबट्याला उभ्या उसाकडे जाण्याची एक बाजू मोकळी ठेवून, उरलेली तोड दिवसाउजेडी करावी.