ध्यानाला बसता, पण फरक जाणवत नाही? सजगता आणि मैत्री भावनेतल्या या चुका टाळा

ध्यान सुरू करणारे पुष्कळ असतात, टिकणारे थोडे. सोडून दिलेल्यांना कारण विचारा, बहुतेकदा दोनपैकी एक उत्तर मिळतं. "मन एक मिनिटभरही थांबत नाही," किंवा "सगळ्यांचं भलं होवो असं म्हणतो, पण आतून काहीच वाटत नाही." दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच अपेक्षा आहे: बसल्यावर अमुक अनुभव आलाच पाहिजे. आपल्या हातात असते ती फक्त कृती. लक्ष श्वासाकडे नेणं, भटकलं की परत आणणं, ही सजगता. कुणाचं तरी भलं मनापासून इच्छिणं, ही मैत्री भावना. एवढं होत असेल तर ध्यान चालू आहे, मग त्या दिवशी कसंही वाटो.

मन भटकलं की बैठक वाया गेली असं समजणं

सर्वांत जास्त माणसं इथेच अडतात. गॅस सिलिंडर बुक करायचा राहिला, साहेब काल असं का बोलले, हे विचार येणारच. "अरे, मी भलतीकडेच गेलो होतो," हे ज्या क्षणी लक्षात येतं तो क्षण सजगतेचाच असतो. तिथे स्वतःवर चिडलात की विचारांची नवी साखळी सुरू होते. मनातल्या मनात "विचार" एवढंच म्हणा आणि श्वासाकडे परता. बैठकीत पन्नास वेळा परतलात तर पन्नास वेळा सराव झाला.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यनेची शिबिरं होत आली आहेत. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस साधक फक्त आनापान करतात, म्हणजे नाकपुड्यांपाशी श्वासाचं येणं-जाणं बघतात. रोज दहा-दहा तास, पूर्ण मौनात. तरीही मन पळतंच. मग घरी सोफ्यावर पंधरा मिनिटं बसून ते स्थिर व्हावं, हा हट्ट कशाला?

श्वास ओढणं

प्राणायामाची सवय असलेल्यांकडून ही चूक हमखास होते. लक्ष श्वासावर गेलं की श्वास आपोआप दीर्घ केला जातो, मोजला जातो, धरला जातो. मग छातीत दडपण येतं, डोकं जड होतं. प्राणायाम वेगळा, हे वेगळं. इथे श्वास जसा आहे तसा, उथळ असेल तर उथळच, नुसता जाणायचा. जमत नसेल तर काही दिवस श्वासाचा नाद सोडा आणि तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा बाहेरचे आवाज यांवर लक्ष ठेवा. सजगतेला श्वासच हवा असा नियम नाही.

प्रेमाचा उमाळा यायलाच हवा असं मानणं

मैत्री भावनेत, म्हणजे पालीतल्या मेत्तेत, सगळ्यात मोठी निराशा इथे पदरी पडते. माणूस "सर्व सुखी होवोत" म्हणतो आणि डोळे भरून येण्याची वाट बघतो. ते येत नाहीत, मग आपलं मनच कोरडं आहे असा निष्कर्ष काढतो. मैत्री ही इच्छा आहे. तिच्यासोबत भावना आली तर उत्तम, नाही आली तरी इच्छा केली गेली, ती मोजली गेली.

पाचव्या शतकात श्रीलंकेत बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' हा साधनेवरचा पाली ग्रंथ लिहिला. त्यात मैत्रीच्या सरावाचा क्रम दिला आहे: आधी स्वतः, मग ज्यांच्याविषयी आदर आहे अशी उपकारकर्ती व्यक्ती, मग जिवलग, मग ज्यांच्याशी ना प्रेम ना वैर अशी माणसं, आणि सर्वांत शेवटी वैरी. नावडत्या माणसापासून सुरुवात करू नका असं ते स्पष्ट सांगतात. दिवंगत व्यक्तीला या सरावात घेऊ नका असंही म्हणतात. आईवडील जाऊन फार दिवस झाले नसतील तर हे लक्षात ठेवा. त्यांची आठवण येणारच, पण तिथे मैत्रीऐवजी शोक दाटून येतो.

स्वतःपासून सुरुवात करणं आपल्याकडे अनेकांना, विशेषतः घरासाठी राबणाऱ्या बायकांना, अवघड जातं. स्वतःसाठी सुख मागणं म्हणजे स्वार्थ, हे लहानपणापासून मनात बसलेलं असतं. बुद्धघोषांचं म्हणणं मला इथे फार पटतं: स्वतःला साक्षीला ठेवायचं. मला सुख हवं, दुःख नको, तसंच प्रत्येकाला. ही जाणीव आली की पुढचं सोपं होतं. तरीही अडत असेल तर ज्याला बघून चेहरा सहज फुलतो त्याच्यापासून सुरू करा, नातू असो की गल्लीतलं कुत्रं. मग हळूच स्वतःकडे या.

शब्द आपल्या तोंडचे असावेत. "मी सुखरूप असो. माझं मन शांत असो. आजचा दिवस नीट जावो." वऱ्हाडीत म्हणा, मालवणीत म्हणा. महाराष्ट्रातल्या बुद्ध विहारांत करणीय मेत्त सुत्त, म्हणजे मैत्रीवरचं पाली सूत्र, अनेकांचं तोंडपाठ असतं. त्यांनी एक करून पाहावं: घरी एकच ओळ घ्यायची, थांबायचं, एक चेहरा डोळ्यांसमोर आणायचा आणि मग पुढची ओळ. पाठांतराच्या वेगात अर्थ निसटतो, तो असा परत हाती येतो.

माया आणि मैत्री यांची गल्लत

बुद्धघोषांनी मैत्रीचे दोन शत्रू सांगितले आहेत. द्वेष हा दूरचा, तो ओळखू येतो. आसक्ती हा जवळचा, ती मैत्रीसारखीच दिसते. मुलासाठी "सुखी होवो" म्हणताना त्याला दहावीत नव्वदच्या वर मिळोत, तो आपल्या ऐकण्यात राहो, हे नकळत मिसळतं. म्हणताना मन मोकळं होतंय की आवळलं जातंय, तेवढं पाहा. आवळलं जात असेल तर त्या वेळी वॉचमन, पोळ्या करणाऱ्या मावशी, रोजच्या बसचा कंडक्टर अशा कुणाला तरी घ्या. त्यांच्याकडून काही हवं नसतं, म्हणून तिथे मैत्री निर्मळ राहते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांना 2008 मध्ये असं आढळलं, की काही मिनिटांच्या मैत्री ध्यानानंतरही अनोळखी माणसांविषयीची जवळीक वाढते.

मैत्री म्हणजे सोसणं, असं धरून चालणं

ही चूक नुसती अडथळ्याची नाही, घातक आहे. मारहाण करणाऱ्या नवऱ्यासाठी, फसवणाऱ्या भागीदारासाठी मैत्री भावना करायची म्हणून तक्रार मागे घ्यायची, असं कुठेही सांगितलेलं नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या पसायदानात (1290) "जे खळांची व्यंकटी सांडो" असं मागणं आहे. खळांचं वाकडेपण सरू दे. ते वाकडेपण दुसऱ्याने सोसावं, असं तिथे म्हटलेलं नाही. पुढच्याच ओळीत "भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें" येतं, आणि हा क्रमही मला महत्त्वाचा वाटतो. कोर्टात केस चालू ठेवा, अंतर राखा, पोलिसांकडे जा. मैत्री भावनेचा उपयोग एवढाच, की तो माणूस समोर नसतानाही तुमच्या रात्री जाळत राहू नये.

लाभाचा हिशेब घाईने आणि चुकीच्या जागी करणं

पाली सुत्तांत मैत्रीचे अकरा लाभ सांगितले आहेत. त्यातले पहिले तीन झोपेचे: सुखाने झोप लागते, सुखाने जाग येते, वाईट स्वप्नं पडत नाहीत. लोकांना असा माणूस आवडतो, त्याचं चित्त लवकर एकाग्र होतं, हेही त्या यादीत आहे. आधुनिक चाचण्या मात्र जपून बोलतात. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, ध्यानाच्या 47 चाचण्यांच्या एका आढाव्यात चिंता, नैराश्य आणि वेदना कमी होण्याला मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला. झोप, वजन, एकाग्रता यांबाबत पुरेसा मिळाला नाही. वजन उतरेल, मुलाचे गुण वाढतील अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका.

किती वेळ बसायचं, याचाही विचार करा. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला सजगतेचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे. 2022 मध्ये चिंताविकाराच्या रुग्णांवर त्याची तुलना एस्सिटॅलोप्रॅम या औषधाशी केली गेली आणि चिंता दोन्ही गटांत सारखीच कमी झाली. त्यासाठी आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि घरी रोज पाऊण तासाचा सराव होता. मोबाइल ॲपवरच्या पाच मिनिटांकडून तेवढंच मागू नका. सुरुवातीला दहा मिनिटं श्वास आणि पाच मिनिटं मैत्री, रोज, हे मला योग्य वाटतं. दोन्ही एकत्रच करा. नुसत्या सजगतेत काहीजण स्वतःवर पाळत ठेवू लागतात, आणि नुसती मैत्री जपासारखी यांत्रिक होते.

फरक बैठकीत शोधू नका. जावेचा टोमणा रात्रीपर्यंत मनात घोळला की संध्याकाळीच विरला, राग आल्याचं बोलून झाल्यावर कळलं की बोलण्याआधी, इथे पाहा.

बैठकीच्या बारीकसारीक अडचणी

गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, त्यात काही उणं नाही. डुलकी येत असेल तर पलंगावर बसू नका, जेवणाआधीची वेळ निवडा, डोळे अर्धे उघडे ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत.

त्रास वाढत असतानाही रेटत राहणं

जुना आघात झालेल्या, तीव्र नैराश्य किंवा मनोविकाराचा इतिहास असलेल्या व्यक्तींनी थेट दीर्घ मौन शिबिराला जाऊ नये. आधी आपल्या मनोविकारतज्ज्ञांशी बोलावं आणि शिबिराच्या अर्जात आजाराची माहिती लपवू नये. वर सांगितलेली चाचणी वाचून गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. ध्यानानंतर सलग काही रात्री झोप न येणं, नको त्या आठवणी उसळून येणं, आजूबाजूचं सगळं खोटं वाटू लागणं, असं काही झालं तर ध्यान थांबवा. चाला, जेवा, घरच्या कुणाशी तरी बोला आणि डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो चोवीस तास चालू असतो, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.