परदेशात सुट्टीला जाताय? धोक्याचा अंदाज बांधताना या चुका टाळा

"तो देश सेफ आहे का हो?" परदेशवारीचं ठरलं की हा प्रश्न हमखास येतो, आणि पहिली चूक या प्रश्नातच आहे. अख्खा देश सरसकट सुरक्षित किंवा सरसकट धोकादायक क्वचितच असतो. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या नागरिकांसाठी प्रत्येक देशाला १ ते ४ अशी पातळी देतं. ४ म्हणजे जाऊच नका. पण मेक्सिकोचं पान उघडा, तिथे प्रत्येक राज्याची पातळी वेगळी दिसेल. म्हणून नुसता आकडा बघून बेत रद्द करू नका, की बिनधास्तही होऊ नका. आकड्यासोबत कारण लिहिलेलं असतं: गुन्हेगारी, दहशतवाद, अपहरण, नैसर्गिक आपत्ती. ते वाचा, तारीख बघा, आणि आपण जाणार तो भाग त्यात येतो का ते नकाशावर ताडून पाहा.

बातमीची भीती, रस्त्याचा विसर

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत कित्येकांनी विमान टाळून लांबच्या प्रवासाला गाडी काढली, आणि पुढच्या काही महिन्यांत तिथले रस्त्यावरचे मृत्यू वाढले. भीती विमानाची होती, जीव गेले हायवेवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्ते अपघातांत मरतात. आपण मात्र हॉटेलच्या दाराला कड्या किती आहेत ते तपासतो आणि टॅक्सीत मागे बसल्यावर सीटबेल्ट शोधतही नाही.

वाहनं उलट्या बाजूने चालणाऱ्या देशात तर चालणाराही फसतो. फुटपाथच्या कडेला उभं राहायचं, सवयीने एका बाजूला बघायचं, रस्ता मोकळा म्हणून पाऊल टाकायचं, आणि गाडी येते नेमकी दुसरीकडून. लंडनमध्ये अनेक ठिकाणी उलट सवय असलेल्या परदेशी पादचाऱ्यांसाठी रस्त्यावरच 'उजवीकडे पाहा' असं रंगवलेलं असतं, ते उगाच नाही. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर झोप अर्धवट असताना विमानतळावरूनच भाड्याची गाडी स्वतः चालवत निघणं मी तरी टाळतो. एक दिवस गेला तर गेला.

भाड्याच्या स्कूटरचंही तसंच. घरी कधी दुचाकी न चालवलेली माणसं सुट्टीत खुशाल बिनहेल्मेट घाटात जातात. दुकानदाराने चावी दिली म्हणून विमा कंपनी पैसे देईलच असं नाही. त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना नसेल तर बहुतेक प्रवास विम्यांत क्लेम नाकारला जातो. पॉलिसीतला 'काय मिळणार नाही' हा भाग आधी वाचा, दारू आणि साहसी खेळ याच भागात सापडतात. आणि अनामत म्हणून पासपोर्ट मागणाऱ्या दुकानातून मी गाडी घेत नाही.

समुद्र शांत दिसतोय म्हणून उतरणं

बऱ्याच किनाऱ्यांवर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यावर जीवरक्षकांची नजर असते. दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात उतरायला बंदी. प्रवाह आत ओढायला लागला तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका, दमछाक होऊन माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या प्रवाहातून बाहेर या, मग वळा. तेही जमत नसेल तर नुसतं तरंगत राहा आणि हात हलवून मदत मागा.

सगळं एकाच फोनमध्ये

ही चूक माझी स्वतःची. गर्दीच्या मेट्रोतून उतरलो, खिसा चाचपला, फोन गायब. हॉटेलचा पत्ता, तिकीट, नकाशा सगळं त्यातच. खिशात कार्ड होतं, पण त्याचा ओटीपी येणार चोरलेल्या फोनवर! स्टेशनवरच्या बाकावर बसून लक्षात आलं की बायकोचा नंबरही मला पाठ नाही. तेव्हापासून पाकिटात एक चिठ्ठी असते: हॉटेलचा पत्ता स्थानिक लिपीत, दोन फोन नंबर, विम्याचा हेल्पलाइन नंबर. दुसरं कार्ड आणि पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत.

औषधांबद्दल थोडक्यात: घरी सर्दीवर सहज मिळणारी गोळी दुसरीकडे बेकायदा असू शकते. सर्दीच्या औषधांत असणाऱ्या स्यूडोएफेड्रिन या घटकाचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. औषध मूळ पाकिटात ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्या, आणि त्या देशाचा नियम आधी बघा.

दूतावास सोडवेल, हा समज

अटक झालीच तर आपल्या दूतावासाला कळवा असं सांगायचा हक्क १९६३च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे. तो जरूर वापरा. अधिकारी भेटायला येऊ शकतात, घरी निरोप देऊ शकतात, पण तिथल्या कायद्यातून सुटका करू शकत नाहीत. वकिलांची यादी मिळू शकते. फी तुमची तुम्हालाच भरावी लागते.