पोर्ट्रेटचा प्रकाश बिघडतो कुठे? फोनचे लायटिंग इफेक्ट वापरताना या चुका टाळा

फोनमधला लायटिंग इफेक्ट चेहऱ्यावर प्रकाश पाडत नाही, आधीच पडलेल्या प्रकाशाचा हिशेब तेवढा बदलतो. कॅमेरा आधी चेहरा ओळखतो. नाक पुढे किती, कान मागे किती, माणूस कुठे संपतो आणि मागची भिंत कुठे सुरू होते, याचा अदमासे नकाशा बनवतो. त्या नकाशावरून काही भाग उजळतो, काही गडद करतो. नकाशा चुकला की इफेक्ट चुकतो. आणि मूळ फोटोतच कपाळ पांढरंफटक पडलं असेल, तर तिथे दुरुस्त करायला काही उरलेलंच नसतं. पुढच्या बहुतेक चुका या दोन कारणांतूनच निघतात.

आधी नावं नीट समजून घ्या, कारण बरेच जण नावावरून इफेक्ट निवडतात. आयफोनमध्ये ही सोय 2017 साली 8 प्लस आणि एक्स या मॉडेलांबरोबर आली. नॅचरल लाइट चेहऱ्याच्या प्रकाशाला हात लावत नाही, फक्त मागचं धूसर करतो. स्टुडिओ लाइट चेहरा उजळतो. काँटूर लाइट गालाखालच्या, जबड्याच्या सावल्या गडद करतो. स्टेज लाइट मागचं सगळं काळं करतो आणि स्टेज लाइट मोनो तेच कृष्णधवल करतो. हाय-की लाइट मोनोमध्ये माणूस कृष्णधवल, मागे पांढरं. सॅमसंगच्या अनेक फोनांत स्टुडिओ, हाय-की मोनो, लो-की मोनो, बॅकड्रॉप अशी नावं दिसतात. गूगल फोटोजमधलं पोर्ट्रेट लाइट 2020 मध्ये आलं. त्यात चेहऱ्यावर एक गोल दिसतो, तो बोटाने सरकवून प्रकाशाची दिशा ठरवायची असते.

दुपारी 12 वाजता स्टुडिओ लाइट

सर्वांत जास्त फोटो इथेच बिघडतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींचे फोटो झोक्यापाशी काढायचे असतात आणि सगळ्यांना वेळ मिळतो तो जेवणं उरकल्यावर. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळेत ऊन बरंच वरून आणि कडक येतं. भुवयांची सावली डोळ्यांत, नाकाची सावली ओठांवर, कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरा. त्यावर स्टुडिओ लाइट लावला की तो पांढऱ्याला आणखी पांढरं करतो आणि डोळ्यांच्या खोबण्या तशाच राहतात. काँटूर लावला तर आणखी वाईट, कारण तो त्याच सावल्या गडद करतो. दहा वर्षांनी मोठी दिसते बाई.

उपाय इफेक्ट बदलण्यात नाही, जागा बदलण्यात आहे. झाडाखाली उभं करायचं असेल तर दाट, सलग सावली शोधा. निंबाखाली कवडसे पडतात आणि गालावर उन्हाचे ठिपके येतात. ते एकही इफेक्ट काढू शकत नाही. सावलीच्या कडेपासून तीन-चार फूट आत उभं करा आणि तोंड उजेडाच्या बाजूला वळवा. मग स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा, बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा, आकडा दिसत असेल तर उणे 0.3 ते उणे 0.7 पर्यंत. फोटो किंचित गडद वाटेल, वाटू द्या. गडद भागातून तपशील परत काढता येतो, पांढरा पडलेला भाग परत येत नाही.

पायाखाली काय आहे, तेही पाहा. कपाशीच्या काळ्या जमिनीवरून उजेड फारसा परत उसळत नाही, त्यामुळे शेतात उभ्या माणसाच्या हनुवटीखाली आणि डोळ्यांखाली अंधार राहतो. गिरणा-तापीच्या वाळूत तोच माणूस खालून उजळलेला दिसतो. शेतात फोटो काढायचा असेल तर धुतलेलं पांढरं धोतर, चादर किंवा 2 बाय 3 फुटांचं थर्माकोलचं पान घ्या. ते छातीच्या उंचीवर, चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर, वरच्या दिशेला थोडं तिरकं धरायला कोणाला तरी सांगा. डोळ्यांत चमक आली की तिथेच थांबायचं. एवढ्या कपड्याने जे होतं ते कुठल्याच स्लायडरने होत नाही.

घरातली उत्तम जागा म्हणजे दार. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात आत काळोख आणि दारातून एकाच बाजूने मऊ उजेड, म्हणजे तयार स्टुडिओच. माणसाला उंबऱ्यापासून मीटरभर आत बसवा, चेहरा दाराकडे साधारण 45 अंश वळलेला ठेवा. इथे नेहमीची चूक अशी की फोटो काढणाराच दारात उभा राहून उजेड अडवतो. तुम्ही दाराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभे राहा. चाळीसगावचे केकी मूस (1912–1989) यांनी आयुष्याचा मोठा काळ आपल्या बंगल्यातच राहून छायाचित्रण केलं. चार भिंतींच्या आत उजेड आणि सावली किती कामाला लावता येते, हे पाहायचं असेल तर त्यांचं काम जाऊन पाहावं, तेही चाळीसगावातच आहे.

प्रकाश उलट्या बाजूला लावणं

गूगल फोटोजमध्ये गोल सरकवता येतो म्हणून लोक तो अंधाऱ्या गालावर नेतात, म्हणजे दोन्ही गाल सारखे होतील. होतं असं की नाकाची खरी सावली डावीकडे पडलेली असते आणि नवा उजेडही डावीकडूनच येतो. चेहरा खोटा दिसतो, पण नेमकं काय खटकतंय ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

हे तंत्र बनवताना गूगलने माणसांना 331 एलईडी दिवे आणि 64 कॅमेरे लावलेल्या गोलाकार सांगाड्यात बसवून त्यांचे फोटो घेतले होते. आपोआप प्रकाश ठरवताना ते जुन्या छायाचित्रकारांचाच नियम पाळतं: मुख्य दिवा डोळ्यांच्या रेषेच्या वर, कॅमेऱ्यापासून 30 ते 60 अंश बाजूला, आणि उजळ बाजू सावलीच्या बाजूपेक्षा सुमारे दुप्पट उजळ. मुळात उजेड ज्या बाजूने आहे तीच दिशा ते ठळक करतं. तुम्हीही तेच करा. गोल खऱ्या उजेडाच्या बाजूला, कपाळाच्या वर ठेवा आणि जोर हळूहळू वाढवा. सावलीच्या बाजूचा डोळा आणि कानाची कड स्पष्ट दिसत असेल तर प्रमाण बरोबर आहे. गोल हनुवटीखाली कधीही नेऊ नका, भुताखेताच्या गोष्टीत टॉर्च धरल्यासारखा चेहरा होतो.

सावळ्या रंगाला पांढरं करणं

ही चूक तांत्रिक आहे, पण तेवढीच नाही. लग्नाच्या बायोडेट्यासाठी फोटो काढताना ब्युटी मोड पूर्ण आणि वर स्टुडिओ लाइट 100 वर, असं सर्रास चालतं. उन्हात राबलेल्या सावळ्या त्वचेवर हा जोर राखेसारखा करडा थर चढवतो. चेहरा एका रंगाचा, मान आणि हात दुसऱ्या रंगाचे. मुलगी आहे तशी सुंदर दिसत असताना तिच्या चेहऱ्यावरचा तिचाच रंग पुसून टाकणं हा फोटोचा बिघाड आहे, सुधारणा नव्हे.

ब्युटी मोड आधी शून्यावर आणा. काही फोनांत तो पोर्ट्रेटमध्ये आपोआप चालू असतो, तिथे मुद्दाम बंद करावा लागतो. आयफोनवर फोटो काढल्यानंतर एडिट उघडा, इफेक्टची तीव्रता 0 करा आणि तिथून वर न्या. सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यांना बहुतेक वेळा 20 ते 40 पुरे होतं. तपासायची खूण सोपी: गालाचा रंग आणि गळ्याचा रंग एकाच माणसाचे वाटले पाहिजेत. काँटूर लाइट म्हाताऱ्या, सुरकुतलेल्या चेहऱ्यावर कमी प्रमाणात फार छान बसतो, पण गाल बसलेल्या माणसाला तो आजारी करून टाकतो. मिशी-दाढी असेल तर हनुवटीखाली काळा ठिगळ येतो का तेही पाहा.

कडा कापल्या जातात

स्टेज लाइट आणि हाय-की या दोघांना माणसाची कड अगदी नेमकी लागते, आणि आपल्याकडच्या वेशभूषेत कडा अवघड असतात. डोक्यावरून घेतलेला पदर अर्धा काळोखात जातो. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे पांढरी टोपी नाहीशी होते. झुमक्यांच्या मधली जागा, केसांच्या बटा, चष्म्याच्या काड्या यांच्याभोवती मागच्या भिंतीचे तुकडे चिकटलेले राहतात. सातपुड्यात काठी गावच्या होळीला मोरपिसांचे मोठे टोप घातलेले लोक दिसतात. स्टेज लाइट त्या टोपाचा निम्मा पिसारा खाऊन टाकतो आणि फोटोतली मुख्य गोष्टच जाते. तिथे, परवानगी विचारून, साधा नॅचरल लाइट ठेवा आणि होळीचा उजेड चेहऱ्यावर एका बाजूने पडू द्या. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही तेच. माणूस आणि घोडा एकत्र असतील तर हे इफेक्ट माणूस धरतात आणि घोड्याची मान कापतात. त्यापेक्षा धूसरपणा कमी करा, पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणाचा f हा आकडा 5.6 ते 8 वर न्या, म्हणजे दोघांच्याही कडा टिकतात.

स्टेज लाइट वापरायचाच असेल तर तयारी करा. माणसामागे किमान दोन-तीन मीटर मोकळी जागा, मागे गडद आणि सपाट काहीतरी, कपड्याचा रंग त्याहून वेगळा. एका वेळी एकच माणूस, दोघं असतील तर डोकी कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर. काढल्यावर लगेच झूम करून कान आणि खांदे तपासा.

रंगीत मंडप, हिरवी जाळी

लाल-पिवळ्या कापडाच्या मंडपात दिवसा सगळे चेहरे लालसर होतात, हिरव्या शेडनेटखाली हिरवट. लायटिंग इफेक्ट रंग दुरुस्त करत नाही, त्यामुळे उजळवल्यावर तो रंगही उजळतो. मंडपाच्या कडेला, जिथून बाहेरचा पांढरा उजेड येतो, तिथे माणसाला आणा. कानबाई देवीच्या सणाच्या रात्री घरात पांढरी ट्यूब आणि पिवळा बल्ब दोन्ही चालू असतील तर एक बंद करा. काहीच शक्य नसेल तर मोनो इफेक्ट निवडा. कृष्णधवलमध्ये रंगाचा प्रश्नच संपतो.

उन्हात तापलेला फोन

हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. अॅपलने आयफोन वापरण्यासाठी 0 ते 35 अंश सेल्सिअस तापमान सांगितलं आहे. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात सावलीतसुद्धा ते पाळता येत नाही. फोन तापला की स्क्रीन आपोआप मंद होते आणि फ्लॅश तात्पुरता बंद पडू शकतो. मंद स्क्रीनवर फोटो काळपट दिसतो, म्हणून आपण उजेड वाढवतो, इफेक्टही वाढवतो. संध्याकाळी घरी पाहिलं की सगळे चेहरे जळालेले. म्हणून उन्हात इफेक्टची तीव्रता ठरवूच नका. तिथे फक्त पोर्ट्रेट मोडमध्ये काढा, फोन ओल्या नव्हे तर कोरड्या कापडात सावलीत ठेवा, आणि इफेक्ट रात्री थंड फोनवर लावा.

इफेक्ट दिसतच नाही

पहिलं कारण: फोटो पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेलाच नाही, त्यामुळे खोलीचा, म्हणजे काय पुढे आणि काय मागे याचा, नकाशा नाही. गूगल फोटोजचं पोर्ट्रेट लाइट मात्र बऱ्याच साध्या फोटोंवरही चालतं, ते करून पाहा. दुसरं: अंतर. आयफोनवर माणूस सुमारे अडीच मीटरच्या आत हवा, पण फार जवळही नको. हात लांब करून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं, म्हणून दीड ते दोन मीटर ठेवा. इफेक्टचं नाव पिवळं झालं की कॅमेरा तयार आहे, त्याआधी बटण दाबू नका. तिसरं: भिंगावर तेलाचा, घामाचा डाग. तो उजेडाभोवती धुरकट वलय आणतो आणि कडाही बिघडवतो. सुती मऊ कापडाने पुसा. जाड कव्हरची कड भिंगावर येते का तेही बघा. आणि चालता झोका नको. झोका थांबवा, मग अहिराणीत "माय, आठे देख" (इकडे बघ) म्हणा.

व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला की आकार कमी होतो आणि खोलीचा नकाशा निघून जातो, समोरच्याला मग इफेक्ट बदलता येत नाही. आधी दुरुस्ती पूर्ण करा, छापायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. 4 बाय 6 इंचांच्या चांगल्या प्रतीला 1200 बाय 1800 पिक्सेल लागतात. फोनवर न दिसणारी कापलेली कड कागदावर ठळक दिसते, तेव्हा स्टुडिओत देण्याआधी पूर्ण झूम करून एकदा केसांची रेष पाहून घ्या. ओळखपत्राच्या फोटोवर यातला एकही इफेक्ट लावू नका. तिथे पांढऱ्या भिंतीपुढे, समोरून मऊ उजेडात, नॅचरल लाइटही बंद करून साध्या मोडमध्येच काढा.