मानखुर्दच्या भरावात रुतलेला डंपर असा काढला

जुलैची झड, खाडीकडचा भराव आणि हौद्यात खडी. मागचं डावं चाक गरगर फिरायला लागलं, उजवं जागच्या जागी. डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं, असंच असतं, ज्या चाकाला पकड नाही तेच फिरतं. रेस दिली की ते आणखी खाली जातं, म्हणून लगेच थांबलो.

क्लीनर म्हणाला, "उस्ताद, खडी इथंच ओतू, गाडी हलकी होईल." मी साफ नाही म्हटलं. कललेल्या डंपरचा हौदा उचलला की वजन वर आणि बाजूला सरकतं, गाडी आडवी होते. यात माणसं दबून मरतात; कितीही घाई असो, हे करू नका.

चाकापुढचा चिखल फावड्याने उतरता कापला. त्यात डेब्रिजमधल्या विटा, लाद्यांचे तुकडे पहारीने ठासले. सळईचे तुकडे आधी वेचून काढले, नाहीतर टायर फाटतो. मागे कुणाला उभं राहू दिलं नाही, कारण विटा गोळीसारख्या उडतात.

मग स्टिअरिंग सरळ, गाडी उभी असतानाच डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा खटका), पहिला गिअर, आणि मध्ये गिअर न बदलता हळूहळू बाहेर. कडक जमिनीवर येताच, वळण घेण्याआधी लॉक काढला. लॉकवर वळवलं तर अ‍ॅक्सलवर ताण येतो.