एकसष्टी सिंगापुरात, एकट्यानं

आज साठीच्या पुढं असलेल्या कितीतरी जणांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेला. घरी ओवाळणी तिथीनं होते ती होऊ द्या, पण व्हिसा, तिकीट, विमा, सगळीकडे पासपोर्टवरचीच तारीख लिहायची. साजरा कुठला करायचा, तो तुमचा प्रश्न.

तिकिटं मात्र अशी काढा, की वाढदिवस सहलीच्या तिसऱ्या दिवशी येईल. पहिला दिवस जागरणात आणि हॉटेल शोधण्यात जातो, दुसऱ्या दिवशी शहराचा अंदाज येतो. वाढदिवशीच पोहोचणारे सहसा तो झोपूनच काढतात.

पहिल्यांदा एकटं जाणाऱ्याला सिंगापूर सोपं पडतं. पाट्या इंग्रजीत, मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट, नळाचं पाणी पिण्याजोगं आणि ‘लिटल इंडिया’ या भारतीय वस्तीतल्या सेरंगून रोडला शाकाहारी थाळी. नागपूरचा उन्हाळा काढलेल्याला तिथला ३२ अंशांचा पारा काहीच नाही, पण दमटपणा दमवतो. त्यात मॉल आणि मेट्रोतला एसी बोचरा. पिशवीत एक शाल असू द्या.

पासपोर्टची मुदत पोहोचल्यापासून किमान ६ महिने हवी. संपत आली असेल तर आधी नूतनीकरण करा. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, तत्काळला आणखी २०००. भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो. १४ए क्रमांकाचा फॉर्म, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, आणि अर्ज अधिकृत एजंटामार्फत. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. मध्ये गावातला ट्रॅव्हल एजंट असेल तर तीन-चार दिवस जास्तच धरा.

सगळ्यात जास्त घोळ नावात होतो. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन नावं. पासपोर्टवर पहिली दोन मिळून एका रकान्यात असतात. तिकीट काढताना मुलगा घाईत मधलं नाव गाळतो, आणि काउंटरवर वाद आईला घालावा लागतो. पासपोर्ट समोर उघडा ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

नागपूर ते सिंगापूर सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. मग सामान सहसा थेट पुढे जातं आणि पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय कंपनी बघते. दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण मुंबईत बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. त्यात नागपूरचं विमान टर्मिनल १ ला उतरलं तर आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी रस्त्यानं टर्मिनल २ गाठायचं. अशा वेळी मध्ये ५-६ तास हवेतच. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाणं टाळा, धुक्यात विमानं अडकतात. सलग एक किलोमीटर चालताना धाप लागत असेल तर तिकिटासोबतच व्हीलचेअर सांगून ठेवा. यात लाज कसली?

पोहोचण्याच्या ३ दिवस आत ‘एसजी अरायव्हल कार्ड’, म्हणजे सिंगापुरात शिरण्याआधी द्यायच्या माहितीचा सरकारी फॉर्म, ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की ती सरकारी नाही, एवढं ओळखा.

आता बॅग. नागपूरकरांची खरी अडचण इथंच. सावजी मसाल्यात खसखस असते, अनारशांवरही असते, आणि सिंगापुरात खसखस न्यायला बंदी आहे. खर्ऱ्याचं तर नावच काढू नका, चघळायचा तंबाखूही तिथं बेकायदा. च्युइंग गमही घरीच ठेवा.

औषधं मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत, चार दिवसांची जास्त घ्या. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तीही औषधाच्या मूळ नावानं, कारण आपला ब्रँड तिथं कुणाला ठाऊक नसतो. झोपेच्या किंवा कोडीन (खोकल्याच्या, दुखण्याच्या काही औषधांतला घटक) असलेल्या गोळ्यांना आधी परवानगी लागू शकते, व्हिसाच्या वेळीच तपासा. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. विमा घेताना बीपी-शुगर लपवली तर ऐन वेळी दावा फेटाळला जातो. पॉलिसीत ‘आधीपासूनचे आजार’ धरले आहेत का, ते वाचून घ्या.

कार्डावर परदेशी वापर बहुधा बंद असतो. बँकेच्या अॅपमधून तो निघण्याआधी सुरू करा, आणि ओटीपी येणाऱ्या सिमवर रोमिंगही. मशीननं ‘रुपयांत की डॉलरात?’ विचारलं तर डॉलर निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. मेट्रो-बसला व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप होणारं कार्ड चालतं. बसमधून उतरतानाही टॅप करायचं, विसरलात तर पूर्ण मार्गाचं भाडं कापलं जातं. सरकते जिने आपल्या मॉलपेक्षा वेगात पळतात, गुडघे कुरकुरत असतील तर लिफ्ट शोधा.

वाढदिवशी एकच गोष्ट ठरवा. बोटॅनिक गार्डन्स त्यासाठी उत्तम. १८५९ ची ही बाग २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पहाटे ५ ला उघडते, प्रवेश फुकट. फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट. सकाळी ७ ला गेलात तर सावली, बाकडी आणि व्यायाम करणारी तुमच्याच वयाची माणसं भेटतात. बोटॅनिक गार्डन्स नावाच्या स्टेशनावर उतरलात तर ऑर्किडपर्यंत बरंच चालावं लागतं. जिथून आत शिरलात त्याच दारानं परत न फिरता नेपियर स्टेशनाकडून बाहेर पडा, पाय वाचतात.

आणि फोन. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. नागपुरातून रात्री १२ च्या ठोक्याला येणारे शुभेच्छांचे फोन तिथं पहाटे अडीचला वाजतात. आदल्या रात्री घरच्या ग्रुपवर लिहून टाका: उद्या व्हिडिओ कॉल तुमच्या संध्याकाळी साडेसहाला, माझे नऊ वाजलेले असतील, तोवर फोन सायलेंट.