बेकन, बटाटा आणि रब्लोशों चीजचा टार्ट: फ्रेंच स्वयंपाकघरात प्रशिक्षणाला येणाऱ्यांसाठी

फ्रान्सच्या आल्प्समधील ओत-साव्हुआ जिल्ह्यात हॉटेल मॅनेजमेंटच्या प्रशिक्षणासाठी येणाऱ्या मराठी मुलामुलींच्या हाती सुरुवातीच्या दिवसांतच जे पदार्थ सोपवले जातात, त्यांत बेकन, बटाटा आणि चीजचा खारा टार्ट हमखास असतो. आनसी शहरात तयार खाद्यपदार्थ विकणाऱ्या एका दुकानाच्या स्वयंपाकघरात मी प्रशिक्षणार्थी म्हणून आले आणि पुढे तिथेच नोकरीला लागले. आता नव्याने येणाऱ्यांना हा टार्ट शिकवण्याचे काम माझ्याकडे असते. कृती सगळ्यांनाच मिळते, ती भिंतीवर लावलेलीही असते. तरीसुद्धा नवख्या हातांचा टार्ट बहुतेक वेळा बिघडतो तो पाण्यामुळे. बटाट्यात पाणी असते, कांद्यात असते, बेकनमध्ये असते, चीजमध्ये आणि क्रीममध्येही असते, आणि हे सगळे पाणी शेवटी तळाच्या पारीत उतरते. कोणत्या जिन्नसातले पाणी कोणत्या पायरीवर काढून टाकायचे हा हिशेब एकदा पक्का झाला की बाकीचे काम सरावाने जमते, म्हणून पुढचे सगळे मी त्या क्रमानेच लिहिते आहे.

आधी चीजविषयी, कारण इथल्या माणसांना त्याचा मनापासून अभिमान आहे आणि त्याची माहिती नसलेला प्रशिक्षणार्थी त्यांच्या लगेच लक्षात येतो. रब्लोशों हे आराव्ही पर्वतरांगेतले, तोन या गावाच्या परिसरातले चीज. त्याला 1958 साली उगमस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. ते न तापवलेल्या दुधाचेच करावे लागते आणि ते दूध आबोंदांस, तारीन व मोंबेलियार्द या तीनच जातींच्या गायींचे असावे लागते. चकती साधारण 14 सेंटीमीटर व्यासाची आणि 450 ते 550 ग्रॅम वजनाची असते. तिच्यावर हिरवी खूण असेल तर ते शेतावरच, एकाच कळपाच्या दुधाचे केलेले असते; लाल खूण असेल तर अनेक शेतकऱ्यांचे दूध एकत्र करून दुग्धशाळेत केलेले असते. बटाटा, कांदा, बेकन आणि रब्लोशों एकत्र भाजण्याची जी तार्तिफ्लेत आज जगभर या प्रदेशाची ओळख म्हणून सांगितली जाते, ती 1980च्या दशकात रब्लोशों उत्पादकांच्या संघटनेने हे चीज अधिक खपावे म्हणून पुढे आणली. तिच्या आधी लांब दांड्याच्या कढईत केला जाणारा पेला नावाचा जुना पदार्थ इथे होताच. आपला टार्ट म्हणजे हीच तार्तिफ्लेत, पण पारीत बसवलेली, जेणेकरून तिचे नीट तुकडे कापून विकता येतील. तुकडा सुरीखाली ढासळला तर टार्ट करण्याचा हेतूच उरत नाही, हे काम करताना सतत ध्यानात ठेवावे.

26 सेंटीमीटर व्यासाच्या आणि 3 सेंटीमीटर उंचीच्या रिंगसाठी, म्हणजे तळ नसलेल्या गोल साच्यासाठी, आमचे प्रमाण असे आहे. पारीसाठी 250 ग्रॅम मैदा, 125 ग्रॅम थंड लोणी, 5 ग्रॅम मीठ आणि साधारण 50 ते 60 मिलिलिटर बर्फगार पाणी. सारणासाठी 500 ग्रॅम बटाटे, 200 ग्रॅम धुरावलेले बेकन, दोन मध्यम कांदे, अर्धा रब्लोशों, 200 मिलिलिटर घट्ट क्रीम, दोन अंडी, थोडी पांढरी वाइन, जायफळ आणि मिरी.

पारीच्या बाबतीत मराठी घरातून आलेल्यांना एक गोष्ट आधीच येत असते आणि एक गोष्ट विसरावी लागते. येत असते ते मोहन चोळणे. करंजीच्या पिठाला मोहन लावल्यावर आपण मूठ आवळून मुटका वळतो का ते पाहतो, तीच परीक्षा इथेही चालते. फरक एवढाच की आपले मोहन कडकडीत असते आणि इथले लोणी फ्रिजमधून नुकतेच काढलेले असावे लागते. विसरावी लागते ती कणीक तिंबण्याची सवय. पोळीच्या कणकेला आपण जितके मळू तितकी ती लवचीक होते, आणि टार्टच्या पारीला नेमकी तीच लवचीकता नको असते, कारण ताणलेले पीठ ओव्हनमध्ये आकसते, कडा खाली घसरतात आणि सारण बाहेर सांडते. पाणी घातल्यावर पीठ फक्त गोळा होईपर्यंत एकत्र करायचे, तळहाताने चपटे दाबायचे आणि झाकून किमान एक तास फ्रिजमध्ये ठेवायचे. मग 3 मिलिमीटर जाडीचे लाटून रिंगमध्ये बसवायचे, तळाच्या कोपऱ्यात बोटाने नीट चेपायचे आणि पुन्हा अर्धा तास थंड करायचे. ही दुसरी विश्रांती घाईच्या दिवशी सगळ्यात आधी गाळली जाते; कृपया ती गाळू नका. पुण्या-मुंबईत उन्हाळ्यात सराव करत असाल तर मैदा आणि वाटीसुद्धा थंड करून घ्यावी, आणि आपल्याकडचे मिठाचे लोणी वापरल्यास पिठातले मीठ वगळावे.

त्यानंतर पारी रिकामीच भाजायची. काट्याने टोचून, वर बेकिंग पेपर घालून, राजमा किंवा हरभऱ्यांचे वजन ठेवून 180 अंशांवर वीस मिनिटे, मग वजन काढून आणखी आठ-दहा मिनिटे. तळ फिकट सोनेरी आणि हाताला कोरडा लागला पाहिजे. वजन काढल्यावर तळावर फेटलेल्या अंड्याचा पातळ हात फिरवून दोन मिनिटे पुन्हा ओव्हनमध्ये ठेवले तर टोचलेली भोके बुजतात आणि ओलाव्याला अटकाव करणारा एक थर तयार होतो. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि दुसऱ्या दिवशी विकायच्या टार्टसाठी ते अत्यंत मोलाचे आहे.

बटाटा कोणता घ्यावा यावर आमच्याकडे तडजोड नसते. शिजल्यावर चकती अखंड राहील असा घट्ट गराचा बटाटा लागतो. इथे शार्लोत किंवा आमांदीन या जाती घेतात. भारतात सराव करताना नवा, कमी पिठूळ बटाटा शोधावा, कुफरी पुखराज मिळाल्यास उत्तम. वेफर्ससाठी पिकवलेला बटाटा टाळावा, कारण त्यात पिठूळपणा मुद्दाम जास्त असतो आणि टार्टमध्ये त्याचा भुगा होतो. बटाटे सालीसकट, मिठाच्या थंड पाण्यात घालून शिजत ठेवायचे आणि सुरीचे टोक आत जाताना मध्यभागी किंचित अडते आहे तोवरच उतरवायचे. पाणी काढून टाकल्यावर त्याच गरम पातेल्यात, झाकण न ठेवता, पाच मिनिटे तसेच राहू द्यायचे. या पाच मिनिटांत पातेल्यातून जी वाफ निघते ती पाहायला मी प्रत्येक नव्या मुलाला मुद्दाम उभे करते. ती सगळी वाफ अन्यथा टार्टच्या तळाशी पाणी होऊन बसली असती. मग कोमट असताना सोलून 5 मिलिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात आणि ट्रेवर एका थरात पसरून गार कराव्यात. गरम चकत्या एकावर एक रचल्या तर वाफ तिथेच अडकते आणि आधीचे कष्ट वाया जातात.

बेकन इथे पातळ पट्ट्यांत नव्हे, तर धुरावलेल्या पोटाच्या मांसाच्या सलग तुकड्यातून बोटाच्या पेराएवढ्या कांड्या कापून वापरतात. त्यांना लार्दों म्हणतात. त्या थंड पॅनमध्ये, तेलाचा थेंबही न घालता टाकायच्या आणि मध्यम आचेवर ठेवायच्या. सुरुवातीला पांढरट पाणी सुटते, त्याला मोठे बुडबुडे येतात आणि आवाज खदखदण्याचा असतो. पाणी आटले की बुडबुडे बारीक होतात, आवाज बदलून चुरचुर ऐकू येऊ लागते आणि तुकड्यांच्या कडा तांबूस होतात. हा आवाज बदलेपर्यंत बेकन भाजले जात नसते, उकडले जात असते. कामाच्या गडबडीत पॅनकडे पाठ करून उभे असतानाही तो बदल कानाला कळावा इतका त्याचा सराव करावा. बाजारातल्या बऱ्याच बेकनमध्ये मिठाचे पाणी सुईने भरलेले असते. त्याला या पायरीवर दुप्पट वेळ द्यावा लागतो. तुकडे झाऱ्याने काढून कागदावर निथळवावेत. चमचाभर चरबी ठेवून त्यातच उभे चिरलेले कांदे मंद आचेवर मऊ आणि गुलाबीसर होईपर्यंत परतावेत, वाइन घालावी आणि पॅनच्या तळाशी ओल दिसेनाशी होईपर्यंत आटवावी.

क्रीम आणि अंड्यांचे मिश्रण फेसाळ करू नये, फक्त एकजीव करावे. बेकन आणि चीज दोन्ही खारट असल्यामुळे या 300 ग्रॅम मिश्रणाला 2 ग्रॅमच मीठ पुरते. भारतात मिळणारे 25 टक्के स्निग्धांशाचे क्रीम वापरायचे झाल्यास एक जादा बलक घालावा. पारीत आधी कांदा, मग बटाट्याच्या चकत्या आणि बेकन आलटून पालटून रचून मिश्रण ओतावे. काठाखाली अर्धा सेंटीमीटर जागा सोडावी, कारण चीज वितळून खाली येते. रब्लोशोंची साल काढत नाहीत. तिच्यातच मातीचा आणि अक्रोडाचा तो वास असतो ज्यासाठी लोक दुकानात येतात. त्याच्या सेंटीमीटरभर जाडीच्या फोडी सालीची बाजू वर ठेवून मांडाव्यात. भारतात रब्लोशों मिळणे कठीण आहे, त्यामुळे सरावासाठी ब्री किंवा कामांबेर घ्यावे. प्रक्रिया केलेले डब्यातले चीज मात्र घेऊ नये. ते असे वितळत नाही आणि खारटपणा वाढवते.

180 अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटे पुरतात. रिंग हलवून पाहिल्यास कडा स्थिर आणि मध्यभाग जेमतेम थरथरता असावा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 80 अंशांच्या आसपास थांबावे, कारण त्यापुढे अंडे फाटते आणि पुन्हा पाणीच सुटते. बाहेर काढल्याबरोबर टार्ट जाळीवर सरकवावा, नाहीतर तळाची वाफ ट्रेवर कोंडून पारी गिच्च होते. अर्ध्या तासाच्या आत कापू नये.

दुकानात विकायचा टार्ट असेल तर गार करण्याचेही नियम आहेत. फ्रान्समध्ये शिजवलेला पदार्थ 63 अंशांवरून 10 अंशांपर्यंत दोन तासांच्या आत यावा लागतो आणि त्याची नोंद वहीत करावी लागते. ही वही तपासनीस आधी मागतात. युरोपीय संघाच्या 2011 सालच्या नियमानुसार चौदा अॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे. या टार्टमध्ये गहू, अंडी आणि दूध तर उघडच आहेत, वाइनमधील सल्फाइट मात्र नवखी माणसे विसरतात. रब्लोशों कच्च्या दुधाचे असल्यामुळे गरोदर स्त्रिया त्याविषयी विचारतात, तेव्हा अंदाजाने उत्तर न देता वरिष्ठांना बोलवावे.

शेवटी एक विषय, ज्याबद्दल घरून निघण्याआधीच बोलायला हवे. गोव्यात चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, खात वाढलेल्यांना किंवा वसईच्या ख्रिस्ती घरांतून आलेल्यांना डुकराच्या मांसाचे काहीच वाटत नाही, पण आपल्याकडच्या अनेकांना ते खाणे किंवा हाताळणे शक्य नसते. शाकाहारी मुलांनी हेही जाणून घ्यावे की रब्लोशों वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातून मिळणाऱ्या दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, विरजले जाते, म्हणजे बेकन काढले तरी हा टार्ट त्यांच्या अर्थाने शाकाहारी होत नाही. संस्था, मालक आणि विद्यार्थी अशा तिघांच्या सह्यांचा प्रशिक्षणाचा करार होण्यापूर्वीच आपण काय हाताळू आणि काय चाखणार नाही हे स्पष्ट लिहून कळवावे. माझ्या पाहण्यातल्या प्रमुखांनी ते समजून घेतले आहे. सकाळी कामाच्या ओट्यापाशी कळलेला नकार मात्र कोणालाच आवडत नाही. जे हाताळतात पण चाखत नाहीत, त्यांनी मीठ नेहमी काट्यावर तोलूनच घालावे आणि बेकनचा एखादा भाजलेला तुकडा सहकाऱ्याला चाखायला देऊन त्याच्या सांगण्याप्रमाणे मिश्रणातले मीठ कमी करावे.

काउंटरवर उभे राहण्याची पाळी आली की ग्राहक हमखास विचारतो की हा घरी गरम कसा करायचा. 160 अंशांच्या ओव्हनमध्ये बारा ते पंधरा मिनिटे, झाकण न ठेवता, आणि मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नाही, हे वाक्य फ्रेंचमध्ये न अडखळता सांगता येईल इतके पाठ करून ठेवावे.